कार्यालयातील कुवतीचे अर्थशास्त्र

आपल्याकडील कोणत्याही कार्यालयात, मग ती तहसील कचेरी असो, शाळेचे कार्यालय असो वा बँकेची शाखा असो, एक टेबल असे असते की ज्यावरील फायलींचा ढीग कधी उतरत नाही. आणि त्याच खोलीत दुसरे एखादे टेबल असे असते की ज्यावर वर्तमानपत्राखेरीज फारसे काही दिसत नाही. पहिल्या टेबलावरील माणसाला काम येते, म्हणून काम त्याच्याकडे जाते. दुसऱ्याला ते येत नाही म्हणून त्याच्याकडे जात नाही, आणि जात नाही म्हणून त्याला ते कधी येतही नाही. वेतनश्रेणी मात्र दोघांची एकच! ‘एक हुशार, दुसरा ढ’ असा निवाडा देऊन कार्यालयप्रमुख मोकळा होतो. हा निवाडा कितपत खरा आहे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली दिलेले टाचण्यांच्या कारखान्याचे उदाहरण अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. एकट्या अनभ्यस्त माणसाला दिवसाकाठी वीस टाचण्याही करता येणार नाहीत. पण दहा जणांनी काम वाटून घेतले की त्याच ४८,००० होतात. मात्र लगेच पुढच्या प्रकरणात स्मिथने जे म्हटले आहे, त्याची आठवण क्वचितच ठेवली जाते. तत्त्वज्ञ आणि रस्त्यावरचा हमाल यांच्यातील अंतर निसर्गाने जेवढे निर्माण केलेले असते, त्याहून अधिक ते सवयीने, रूढीने व शिक्षणाने पडलेले असते, असे त्याचे मत होते. कुवतीतील फरक हा श्रमविभागणीचे कारण असण्यापेक्षा तिचा परिणामच अधिक असतो, असा याचा अर्थ. जो गृहस्थ पंधरा वर्षे केवळ आवक-जावक नोंदवही भरीत बसला, त्याला टिपणी लिहिता येत नाही, याचा दोष सर्वस्वी त्याच्या बुद्धीवर कसा टाकता येईल?

यावर कार्यालयप्रमुख विचारील की, आज संध्याकाळी बिले कोषागारात जायला हवीत, तेव्हा मी शिकवणी घेत बसू काय? हा प्रश्न रास्त आहे. सर्वांची कुवत सारखी नसते, हेही नाकारण्यात अर्थ नाही. या बाबतीत रिकार्डोचा १८१७ मधील तुलनात्मक खर्चाचा सिद्धांत उपयोगी पडतो. त्याच्या उदाहरणात पोर्तुगाल मद्य ८० माणसांच्या व कापड ९० माणसांच्या वर्षभराच्या श्रमात तयार करतो. इंग्लंडला त्यासाठी अनुक्रमे १२० व १०० माणसे लागतात. दोन्ही बाबतींत पोर्तुगालच सरस. तरीही इंग्लंडने कापड आणि पोर्तुगालने मद्य तयार करण्यात दोघांचेही हित आहे. ज्याला वेतननिश्चिती उत्तम येते आणि टंकलेखनही इतरांहून जलद येते, त्याला टंकलेखनास बसविणे हा म्हणूनच अपव्यय होय. परंतु रिकार्डोने खर्चाचे आकडे ठरलेले धरले आहेत. माणसाचे आकडे तसे ठरलेले नसतात; ते शिकविल्याने बदलतात. या महिन्याचे काम वाटताना रिकार्डो लक्षात ठेवावा. पुढील पाच वर्षांचा विचार करताना मात्र स्मिथला विसरून चालणार नाही.

मग शिकविले का जात नाही? याचे कारण आळस हे नसून हिशेब हे आहे. शिकविण्याचा खर्च आजच्या प्रमुखाच्या माथी पडतो आणि फळ त्याच्या जागी येणाऱ्याला मिळते. बदल्यांविषयीच्या २००५ च्या कायद्याने महाराष्ट्रात सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा ठरविला. मनमानी बदल्यांना आळा घालण्याचा त्याचा हेतू योग्यच होता. पण ज्याला तीन वर्षांत जायचे आहे, त्याने आंब्याची कलमे का लावावीत? दुसरीकडे, ज्याला काम येते त्यालाही ते दुसऱ्याला शिकविण्याची उत्सुकता नसते. ज्ञानाची मक्तेदारी हेच त्याचे एकमेव भांडवल असते.

या मक्तेदारीची किंमत अखेर तिसराच कोणीतरी मोजतो. माझ्या पाहण्यातील एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे सारे काम एकच लिपिक पाहत असे. तो निष्णात होता, आणि ‘याच्याशिवाय आमचे पान हलत नाही’ असे आम्ही प्राध्यापक मंडळी कौतुकाने म्हणत असू. तो दीर्घ आजाराने रजेवर गेला आणि खरोखरच पान हलेना. अर्ज पडून राहिले, त्रुटींची पूर्तता करणे कोणाला जमेना, आणि शिष्यवृत्तीच्या भरवशावर खोलीचे भाडे थकविलेली मुले दारात ताटकळत उभी राहिली. शेजारच्या टेबलावर त्याच वेतनश्रेणीतले दोघे बसून होते. त्यांना कोणी कधी काही शिकविले नव्हते. आमच्या त्या कौतुकात केवढी बेपर्वाई होती, हे आम्हांला तेव्हा उमगले.

आपल्या मूल्यमापनाच्या पद्धतीला हा प्रश्न पडतच नाही. पूर्वी सामान्यतः गोपनीय अहवालातील प्रतिकूल शेराच तेवढा कर्मचाऱ्याला कळविला जाई. २००८ साली देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा कळविला पाहिजे, असा निर्णय दिला. त्या प्रकरणातील अभियंत्याला ‘चांगला’ हा शेरा मिळाला होता; पण बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ हवा होता आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. या निर्णयाने अन्याय दूर झाला. परंतु शेरा कळणे म्हणजे काम शिकणे नव्हे. वर्षाअखेरीस निकाल सांगणारा परीक्षक मिळाला. वर्षभर शिकविणारा गुरू मिळाला नाही.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक कामाला दुसरा जाणकार तयार असलाच पाहिजे, असा दंडक घालावा. कनिष्ठाची सदोष टिपणी स्वतः पुन्हा लिहून काढण्याऐवजी, चूक दाखवून ती त्याच्याकडेच परत पाठवावी. आणि ती चूक चारचौघांत नव्हे, एकांतात दाखवावी. निष्णात माणसाचे नित्याचे ओझे हलके करून त्याने शिकविण्यात घालविलेला वेळ कामातच धरावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रमुखाच्या स्वतःच्या अहवालात एक रकाना असावा : ‘आपल्या हाताखाली यंदा कोण काय शिकले?’ ज्याची विचारणा होते, तेच काम होते, हा कचेरीचा जुना नियम आहे.

इतके करूनही काही जण मागेच राहतील. काम टाळणारेही असतीलच. त्यांच्याबाबत कठोर व्हावे लागेल. पण न शिकविता नापास करण्याचा अधिकार कोणालाही नाही. केवळ पहिल्या बाकावरील मुलांनाच प्रश्न विचारणाऱ्या शिक्षकाला आपण चांगला शिक्षक म्हणत नाही. मग केवळ कामाच्या माणसालाच काम देणाऱ्या प्रमुखाला आपण कार्यक्षम का म्हणावे?