पोटातला गोळा इंग्रजीत कसा सांगायचा?

माझी भाची पुण्यातल्या एका ‘इंटरनॅशनल’ शाळेत सहावीत शिकते. शाळेच्या माहितीपत्रकावर ‘द्विभाषिक’ हा शब्द ठळक छापलेला आहे. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गातल्या काही पोरांनी तिला विचारलं, ‘काल तू कुणाच्या बाजूनं होतीस?’ हसत हसतच विचारलं. पुढच्या सामन्यानंतर पुन्हा विचारलं, आणि मग सामना नसतानाही. तिनं घरी यातलं काही सांगितलं नाही. फक्त सकाळी स्कूलबस यायच्या वेळी म्हणायची, ‘अम्मी, पेट में गोळा आ रा.’

आम्ही घरी दख्खनी बोलतो. तिच्यात मराठी इतकी मुरलेली आहे की कुठला शब्द कुणाचा हे आम्हालाही सांगता येत नाही. पोटात गोळा येणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पण शाळेच्या आवारात इंग्रजीच बोलायचं, असा नियम. काउन्सेलरच्या खोलीतही तोच. मग पोरीनं त्या गोळ्याचं जमेल तसं इंग्रजी केलं. पोटात बॉल येतो, असं काहीतरी. तिला नर्सकडे पाठवलं गेलं. नर्सनं अ‍ॅसिडिटीचं औषध दिलं. हे दोनदा झालं.

शेवटी प्रकरण बाहेर आलं तेव्हा आपाबरोबर मीही शाळेत गेलो. आमच्यापुढे अहवाल ठेवला गेला : मुलीला जुळवून घेण्यात अडचण येते आहे. उपाय म्हणून तिच्यासाठी श्वासाचे व्यायाम आणि एक तक्ता, ज्यात तिनं रोज हसरा नाहीतर रडका चेहरा रंगवायचा. मी विचारलं, ‘त्या मुलांसाठी काय ठरवलंय?’ उत्तर आलं, ‘मुलं आहेत, गंमत करतात.’ दगड मारणारा गंमत करतो आणि ज्याला लागला त्यानं श्वास मोजत बसायचं, याला या शाळा हल्ली ‘वेलबीइंग’ म्हणतात. त्याची वेगळी फीसुद्धा आहे.

व्हरांड्यात त्याच काउन्सेलर बाई माझ्याशी अस्सल साताऱ्याकडच्या मराठीत बोलल्या. ‘मला कळतं हो दादा, पण आमच्याकडे पॉलिसी आहे.’ मी थक्क झालो. तोवर मी समजत होतो की शाळेला मराठी कळणारं माणूस मिळालं नसेल. माणूस होतं. त्याच्या तोंडाला कुलूप लावलेलं होतं. बाईंवर माझा राग नाही. त्यांनाही नोकरी टिकवायची आहे.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 काढून वाचा. मुलाला शक्य तितकं मातृभाषेत शिकवावं, असं एक उपकलम सांगतं. त्याला लागूनचं पुढचं उपकलम म्हणतं की मुलाला भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावं, आपलं म्हणणं मोकळेपणानं मांडायला मदत करावी. भाषा आणि भीती कायद्यात शेजारी शेजारी बसल्या आहेत. सरकारची ‘टेलिमानस’ सेवा 2022 पासून सुरू आहे. 14416 हा नंबर फिरवला तर तिथं मराठीत ऐकून घेतात, तेही फुकट. लाखो रुपये घेणाऱ्या शाळेत ते का जमू नये?

मला सांगितलं जातं, इंग्रजी यावी म्हणूनच तर पोरीला तिथं घातलंत ना? हो, त्यासाठीच. गणित इंग्रजीत शिकवा, भूगोल शिकवा, तिची तक्रार नाही आणि आमचीही नाही. पण बाराव्या वर्षी माणूस घाबरतो तो घरच्या भाषेत. या शाळेला मराठी लागते ती 27 फेब्रुवारीला. तेव्हा नऊवारी, लेझीम, फोटो. गेल्या वर्षी त्या कार्यक्रमाचं निवेदन भाचीनंच केलं होतं. एका पालकानं आपाजवळ येऊन कौतुक केलं, ‘तुमची असून किती छान मराठी बोलते!’ आपा हसली. काय करणार?

आपल्या लोकांनाही सोडून चालणार नाही. आपाचं पहिलं म्हणणं हेच होतं की ‘जाने दे, बोलने दे उनकू, तू नमाज पढ.’ पोर गप्प राहिली त्यात आपलाही हात आहे. आपल्या किती उर्दू शाळांच्या संस्थाचालकांनी समुपदेशक नेमलाय, हे मोजायला बसलो तर शाळेशी भांडायचं तोंड राहणार नाही. तरी भांडतोय, कारण इथं समुपदेशक आहे, पगारी आहे आणि तिला मराठी येतं.

मी लेखी अर्ज दिला आहे. मागण्या दोनच : काउन्सेलरच्या खोलीला भाषेचा नियम लावू नका, आणि त्या मुलांशी, त्यांच्या पालकांना समोर बसवून, बोला. तीन आठवडे झाले. परवा उत्तर आलं, पत्र मिळाल्याची पोच. इंग्रजीत. आपा म्हणते शाळा बदलू. भाची म्हणते, ‘मामू, मैं कायकू बदलूं?’