घरी बांधलेलं विमान: स्क्रीनवरचा हिरवा पट्टा किती खरा?

गच्चीवर विमान बांधणाऱ्या मराठी वैमानिकाची रील तुमच्या फीडमध्ये एकदा तरी आली असेल. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते बीकेसीतल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये डीजीसीएची नोंदणी मिळाली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी, आणि २०२० मध्ये धुळ्याच्या विमानतळावर चाचण्या झाल्या. रील इथे संपते.

कमेंटमध्ये सगळे पंखांबद्दल विचारतात. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, मला दुसराच प्रश्न पडतो. इंजिनाची तब्येत दाखवणारे आकडे बरोबर आहेत, हे अशा विमानात कोण ठरवतं? (पुढचं सगळं त्या एका विमानाबद्दल नाही. घरी बांधलेल्या कुठल्याही पिस्टन इंजिनाच्या विमानाला ते लागू आहे.)

कंपनीच्या विमानात हे काम कारखान्यात आणि मान्यताप्राप्त वर्कशॉपमध्ये होऊन येतं. घरी बांधणाऱ्याला मिळतो एक स्क्रीनवाला डबा, सेन्सरची पिशवी आणि सेटिंगचा मेनू. कुठला सेन्सर लावलाय, हिरवा पट्टा कुठे संपतो, लाल कुठे सुरू होतो, हे सगळं तोच भरतो. चूक झाली तर स्क्रीन तक्रार करत नाही. ती चुकीचा आकडा त्याच झोकात दाखवते.

सगळ्यात जास्त घोळ तापमानात होतो. सिलिंडर हेडवर आणि एक्झॉस्टमध्ये थर्मोकपल लावतात. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडलेल्या असतात आणि टोक तापलं की अगदी बारीक व्होल्टेज तयार होतं. एक्झॉस्टसाठी बहुधा के टाइप वापरतात, त्यात एका अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट. आता तार कमी पडली म्हणून मध्येच साधी तांब्याची वायर जोडली, तर काय होईल? समजा तो जोड इंजिनाजवळ ६० अंशांवर आहे आणि डबा केबिनमध्ये ३० अंशांवर. मधला ३० अंशांचा फरक गायब! सिलिंडर हेड २३० वर असताना स्क्रीन २०० दाखवणार, आणि पायलट निवांत. म्हणून वाढीव तारही त्याच धातूंची लागते. कॉलेजच्या गाडीच्या टीममध्ये मी थर्मोकपलच्या तारा उलट जोडल्या होत्या. इंजिन तापत होतं आणि आकडा खाली येत होता. आम्ही अर्धा तास कोड तपासत बसलो.

थर्मोकपल तपासायचा जुना उपाय म्हणजे ते उकळत्या पाण्यात बुडवायचं. पण पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. पुण्यात बसून स्क्रीनवर १०० आणण्यासाठी सेटिंग फिरवलीत, तर बरोबर असलेला सेन्सर तुम्हीच बिघडवलात.

ऑइल प्रेशर त्याहून बेरकी. साध्या सेन्सरला एकच वायर असते आणि त्याची अर्थिंग इंजिनाच्या धातूतून होते. गळती नको म्हणून कोणी आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली की अर्थिंग ढिली पडते आणि रोध वाढतो. सेन्सरचे दोन प्रकार आहेत: एकात दाब वाढला की रोध १० ओहमवरून १८० कडे जातो, दुसऱ्यात २४० वरून ३३ कडे उतरतो. दुसऱ्या प्रकारात ढिली अर्थिंग खोटी घाबरवते, पायलट विनाकारण उतरतो. पहिल्यात ती खोटा दिलासा देते. ऑइल संपत चाललंय आणि काटा हिरव्यात. ऑइलशिवाय इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकतं, आणि खाली कोणाचं तरी घर असतं.

इंधनाचं गणित त्यामानाने सोपं. फ्लो सेन्सर पल्स मोजतो. स्क्रीन म्हणाली ५० लिटर जळालं आणि टाकी पुन्हा भरताना ५४ बसलं, तर लिटरमागच्या पल्सचा आकडा ५० भागिले ५४ ने गुणायचा. दोन-तीन उड्डाणांत तो जागेवर येतो.

एक तपासणी तुम्ही आत्ता करू शकता. इंजिन बंद असताना त्याच्या मॅनिफोल्ड प्रेशरच्या काट्याने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. पुण्यात तो साधारण २८ इंच, म्हणजे ९४५ ते ९५० हेक्टोपास्कल. तुमच्या फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर सेन्सर दाखवणाऱ्या ॲपवर साधारण हाच आकडा दिसेल. हवामानाचं ॲप मात्र १०१० च्या आसपास सांगेल, कारण ते समुद्रसपाटीचा हिशोब लावतं. दोन्ही आकडे खरे, फक्त कशाच्या तुलनेत ते माहीत हवं.

आता कायद्याकडे या. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या एअरक्राफ्ट ॲक्टच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला. त्यात उत्पादनासोबत विमानाच्या डिझाइनवरही नियमन आहे. माझ्या मते घरी बांधलेल्या विमानाला परवानगी देताना सेन्सर कसा तपासला याची नोंद आणि चाचणी उड्डाणांचा पूर्ण डेटा मागायला हवा. आजचे मॉनिटर इंजिनाचे आकडे सतत साठवतात, ते पडून राहतात. एकट्या माणसावर कागदांचं आणखी ओझं, हा आक्षेप मला मान्य आहे, कारण आपल्याकडे कागद वाढतात तेव्हा वर्षंही वाढतात. पण ही नोंद म्हणजे उकळत्या पाण्यात बुडवलेल्या सेन्सरचा फोटो, शेजारी स्क्रीनवरचा आकडा आणि तारीख. ती खिशातल्या फोनवर होते.