शहराच्या नकाशावर आमची वस्ती कुठे?

१ जुलै २०२४ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर जे घडले ते समाजबांधव विसरलेले नाहीत. विकासाच्या नावाखाली तेथे भुयारी वाहनतळाचे काम सुरू होते. स्तूपाला आणि बोधिवृक्षाला धोका पोहोचेल या भीतीने अनुयायी मोठ्या संख्येने जमले, त्यांनी काम बंद पाडले आणि त्याच दिवशी सरकारला विधिमंडळात स्थगिती जाहीर करावी लागली. समाज जागा होता म्हणून काम थांबले. परंतु आमचा सवाल त्याच्याही मागचा आहे. खड्डा जमिनीत खणण्यापूर्वी तो कागदावर काढला जातो. हा कागद काढणारा माणूस कोणत्या वर्गात शिकतो? जेथे दरवर्षी लाखो माणसे पायी चालत येतात, तेथे आधी गाड्यांची सोय सुचावी, असे त्या वर्गात नेमके काय शिकविले जाते?

नगरनियोजन आणि लँडस्केप आर्किटेक्चर हे दोन विषय आमच्या चळवळीत फारसे बोलले जात नाहीत. पहिला विषय रस्ते, घरे, पाणी, शाळा कुठे असावीत ते ठरवितो. दुसरा मैदाने, बागा, नदीकाठ, झाडे यांची रचना करतो. हे श्रीमंतांचे चोचले आहेत, आमचा त्यांच्याशी काय संबंध, असे आमच्यातील अनेकांना वाटते. हा मोठा गैरसमज आहे. गावकुसाबाहेरचा महारवाडा हीसुद्धा एक नगररचनाच होती. पाणवठा कोणाचा, स्मशान कोणाचे, वाऱ्याच्या कोणत्या दिशेला कोणी राहायचे, हे सारे नियोजनच होते. त्या नियोजनाला कागद लागला नाही, कारण ते धर्माच्या नावाने लोकांच्या डोक्यात कोरलेले होते.

या विषयाच्या शिक्षणाचा इतिहासही आमच्यापासून दूर नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, रस्ते काढले आणि कामगारांसाठी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेबांच्या आयुष्यातील अनेक वर्षे गेली. नियोजनकाराने गरिबाला किती चौरस फूट दिले, हे बाबासाहेबांना पुस्तकातून वाचण्याची गरज नव्हती. त्याच मुंबईत १९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू केला व स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना त्याचे प्रमुख नेमले. त्या सुमारास बाबासाहेब याच शहरात सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवीत होते.

गेडिस यांचे श्रेय आम्ही नाकारत नाही. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह होता. सरसकट बुलडोझर फिरविण्याऐवजी थोडी पडकी घरे काढून हवा, उजेड आणि झाडांना जागा करावी, असे ते सांगत. आजच्या राज्यकर्त्यांना एवढे कळले तरी पुष्कळ झाले. पण त्यांचीच एक हकिगत प्रसिद्ध आहे. इंदूरला त्यांनी दिवाळीत स्वच्छतेची भव्य मिरवणूक काढली आणि तीत सफाई कामगारांना मानाने मिरविले. हेतू चांगलाच होता. परंतु मिरवणूक संपल्यावर ते कामगार कुठे परतले? ज्या वस्तीत ते आदल्या दिवशी राहत होते त्याच वस्तीत. त्यांच्या हातातील झाडू दुसऱ्या दिवशीही त्यांच्याच हातात होता. नियोजनाने एका दिवसाचा सन्मान दिला, जागा बदलली नाही. शंभर वर्षांनंतरही हाच प्रकार चालू आहे. महाराष्ट्र सरकारने २०२० साली जातिवाचक नावे असलेल्या वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे. पण पाटी बदलल्याने गटार बुजत नाही आणि नळाला पाणी येत नाही.

शहरात जात विरघळते, असे प्रस्थापित विद्वान नेहमी सांगतात. २०१८ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमधील संशोधकांनी महानगरांतील जातिनिहाय वस्त्यांचा अभ्यास मांडला. संपूर्ण वॉर्डाचा एकच आकडा पाहिला तर विभागणी कमी दिसते. मोहल्ल्याच्या पातळीवर उतरले की ती उघडी पडते, असे त्यातून पुढे आले. यातला धडा सरळ आहे. नकाशा किती बारीक काढायचा हे ठरविणाराच, कोणते सत्य दिसेल आणि कोणते झाकले जाईल हे ठरवितो. आणि हे ठरविण्याची विद्या विद्यापीठात शिकविली जाते.

मग तेथे काय शिकवतात? आमच्या परिचयातील एका विद्यार्थ्याने आपल्या तालुक्याच्या गावाचा प्रकल्प केला. कचरा डेपो, कत्तलखाना आणि नाला या तिन्ही गोष्टी बौद्ध व मातंग वस्तीलाच कशा चिकटून आहेत, ते त्याने नकाशावर रंगवून दाखविले. परीक्षकांनी त्याला सांगितले, हे समाजशास्त्र झाले, यात डिझाईन कुठे आहे? त्याच वर्गातील नदीकाठच्या बागेच्या देखण्या चित्राला टाळ्या मिळाल्या. त्या चित्रात नदीकाठची झोपडपट्टी हिरव्या रंगाखाली गडप झाली होती. आम्ही बागेच्या विरोधात नाही. आमच्या मुलांनाही सावली हवी, मैदान हवे. पण त्यासाठी प्रत्येक वेळी आमचेच घर का उठावे?

येथे कोणी म्हणेल, आंबेडकरी माणसाला बागा आणि रचना यांचे काय? त्यांनी औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे नागसेनवन आठवावे. १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू झाले तेव्हा बाबासाहेबांनी केवळ वर्ग उघडले नाहीत. इमारती कशा असाव्यात, परिसर कसा असावा, यात त्यांनी जातीने लक्ष घातले. त्या परिसराच्या नावातच वन आहे. दादरचे राजगृह त्यांनी ग्रंथांसाठी बांधले. ज्याच्या समाजाला हजारो वर्षे जागाच नाकारली गेली त्याला जागेचे मोल इतरांपेक्षा अधिक कळते. हा आमचा वारसा आहे आणि तो आम्ही वास्तुकलेच्या वर्गात घेऊन गेले पाहिजे.

संधीही मोठी आहे. नीती आयोगाच्या सप्टेंबर २०२१ च्या अहवालानुसार देशातील ७,९३३ नागरी वस्त्यांपैकी सुमारे ६५ टक्के वस्त्यांना विकास आराखडाच नाही. राज्यांच्या नगररचना खात्यांत १२ हजारांहून अधिक नगररचनाकारांची गरज आहे, मंजूर पदे मात्र चार हजारांच्याही आत आणि त्यांतलीही बरीच रिक्त. डॉक्टर, इंजिनिअर आणि स्पर्धा परीक्षा यांपलीकडे न पाहणाऱ्या आमच्या पालकांनी हे आकडे ध्यानात घ्यावेत. मंजूर पदे भरा, तेथे आरक्षण काटेकोर पाळा आणि खासगी वास्तुकला महाविद्यालयांची फी गरिबाच्या आवाक्यात आणा, ही मागणी आमच्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

संशोधनाचे विषयही आमच्या दारात पडले आहेत. नागपुरातच विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत वास्तुकला आणि नियोजनाचा विभाग आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणारी माणसे कुठून चालत येतात, कुठे झोपतात, पुस्तकांचे स्टॉल कुठे लागतात, पाणी आणि शौचालय कुठे कमी पडते, याची शास्त्रशुद्ध पाहणी ही उत्तम प्रबंधाची सामग्री आहे. ६ डिसेंबरच्या चैत्यभूमी आणि शिवाजी पार्कलाही हेच लागू आहे. अशी पाहणी आमच्या हाती असती, तर २०२४ साली आम्हांला रस्त्यावर उतरण्याआधी कागदाला कागदाने उत्तर देता आले असते.

कारण कागदावरच्या लढाईलाही कायद्यात जागा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप विकास आराखड्यावर नागरिकांकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. मुंबईचा प्रारूप आराखडा २०१५ साली लोकांच्या हरकतींमुळेच सरकारला मागे घ्यावा लागला होता. त्या हरकती लिहिणाऱ्यांना नकाशा वाचता येत होता. आमच्या वस्तीत आराखड्याची बातमी पोहोचते ती बहुधा घरावर पाडकामाचा नंबर रंगविला जातो तेव्हा!

म्हणून प्रत्येक शहरातील आमच्या कार्यकर्त्यांनी या वर्षी एक काम करावे. नगरपालिकेत जावे, आपल्या गावाचा विकास आराखडा मागावा, विहारात भिंतीवर लावावा आणि त्यावर आपली वस्ती शोधावी. ती सापडली तर तिच्यावर कोणते आरक्षण टाकले आहे ते पाहावे. सापडली नाही तर समजावे, की पेन्सिल अजून दुसऱ्याच्याच हातात आहे. ती आपल्या मुलामुलींच्या हाती देणे, हे आजचे काम आहे.