धुतलेल्या जर्सीचा वास

अहिल्यानगरच्या (आपल्या जिभेवर अजून नगरच!) एक भगिनी लिहितात : "आमच्या यांना साखर आहे. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून साठीनंतर सायकल घेतली. दर रविवारी मंडळींबरोबर चांदबिबीच्या महालापर्यंत जातात. पण त्या चकचकीत जर्सीचा कुबट वास दोनदा धुतली तरी जात नाही. दोरीवरून काढताना काही कळत नाही, चढ लागून घाम आला की पुन्हा सुरू! कुणीतरी चेष्टा केली. गेले दोन रविवार हे घरीच बसून आहेत."

ताई, यात त्यांच्या अंघोळीचा दोष नाही आणि तुमच्या हाताचाही नाही. दोष कापडाचा. सुती बनियन घाम पिते. पॉलिएस्टर पाणी पीत नाही, पण अंगाचे तेल मात्र धरून ठेवते. त्या तेलावर जंतू पोसतात आणि वास करतात. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये व्यायामाची सायकल मारून घामाघूम झालेल्या 26 जणांचे शर्ट तपासले. सुतीपेक्षा पॉलिएस्टरचे शर्ट अधिक वास मारत होते, आणि वास करणारे काही जंतू पॉलिएस्टरवरच जास्त फोफावले होते.

त्यात आपल्याकडचे विहिरीचे, बोअरचे पाणी बहुधा जड. साबणाची वडी घासली की फेस थोडा आणि पांढरा साकाच फार. तो साका धाग्यांत बसतो, त्याखाली तेल तसेच राहते. म्हणून या कपड्यांना वडी नकोच, धुण्याची पावडर किंवा द्रव वापरा. तेही बेताने; जास्त घातले तर नीट निघत नाही.

आता जुना वास काढू. कपडे उलटे करा. अर्धी बादली पाण्यात वाटीभर पांढरे व्हिनेगर घालून अर्धा तास बुडवा, मग स्वच्छ खळबळा. त्यानंतर हाताला सोसवेल अशा कोमट पाण्यात डाग काढायची ऑक्सिजनची पावडर, पाकिटावर लिहिल्याइतकी, विरघळवून तासभर ठेवा. रंग जातो का, ते आधी आतल्या शिवणीवर पाहून घ्या. मग नेहमीसारखे धुवा. व्हिनेगर आणि सोडा एकत्र घालू नका; फसफसते छान, पण दोघेही एकमेकांना मारून निकामी होतात. व्हिनेगर आणि ब्लीचिंगचे पाणी तर कधीच एकत्र नको, विषारी वायू निघतो. तसेही ब्लीचिंगने आणि उकळत्या पाण्याने लायक्रा सैल पडते. कपडे मऊ करणारे ते सुगंधी द्रवही बाजूला ठेवा. त्याचा थर बसला की वास आत कोंडतो.

हे सारे एकदाच. पुढे मुख्य गोष्ट अशी की, यजमान फेरीवरून आले की जर्सी बोळा करून धुण्याच्या बादलीत पडता कामा नये. तिथेच तर वास मुरतो! तुम्हाला लगेच धुणे जमले नाही तर (आणि रविवारी सकाळी पोह्यांच्या गडबडीत कुणाला जमते?) त्यांनाच नळाखाली पिळून वाऱ्यावर टाकायला सांगा. साठीतला माणूस घाट चढतो, त्याला एवढे जड नाही.

चड्डीतली गादी वाळायला वेळ लागतो. ती उलटी करून वाऱ्यात टांगा, आतून कोरडी झाल्याशिवाय घडी नको. हेल्मेटच्या पट्ट्या आणि हातमोजेही त्याच पाण्यातून काढा. नाहीतर जर्सी स्वच्छ आणि वास तसाच, असे व्हायचे.