समुद्रकाठचे दुसरे घर : भाड्याचा भरवसा किती?

जबलपूर : निवृत्तीच्या दिवशी हाती येणारी एकरकमी रक्कम कोठे गुंतवावी, हा नोकरदार कुटुंबांपुढचा जुना प्रश्न आहे. आयुध निर्माणी कारखाने, रेल्वे आणि उच्च न्यायालय यांच्या आधाराने वाढलेल्या जबलपूरमध्ये तो अधिकच परिचयाचा आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या उपदानाची कमाल मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून २० लाखांवरून २५ लाख रुपये झाली. भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण धरले, तर ही रक्कम बरीच मोठी होते. नेपियर टाउनसारख्या मध्यवर्ती वस्तीत स्वतःचे घर आधीच असलेल्या मराठी कुटुंबासमोर अशा वेळी बँकेतील ठेवीच्या जोडीने आणखी एक पर्याय ठेवला जातो : कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ घर घ्यावे, ते पर्यटकांना भाड्याने द्यावे आणि सुटीत स्वतःही राहावे.

या प्रस्तावात तीन लाभ एकत्र बांधलेले असतात. घर भाडे मिळवील, त्याचा भाव वाढेल आणि कुटुंबाला हक्काचे विश्रांतिस्थान मिळेल. हे तिन्ही लाभ सुटे करून तपासले, तर वेगळे चित्र दिसते. भाड्याचा लाभ सर्वांत दुबळा आहे, भाववाढीचा अनिश्चित आहे आणि विश्रांतीचा लाभ खरा असला तरी तो मिळकत नसून खर्च आहे.

आकर्षणामागची कारणे

किनाऱ्याकडे गुंतवणूकदारांचे लक्ष वळण्यास सबळ कारणे आहेत. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूने मुंबई आणि रायगड जिल्ह्यातील अंतर कमी केले. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. मोपा येथील विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. घरबसल्या आरक्षण करून देणाऱ्या संकेतस्थळांमुळे एखाददुसरे घर असलेला मालकही हॉटेलच्या बाजारात उतरू शकतो.

मात्र दळणवळण सुधारले की पर्यटकांबरोबर नवी बांधकामेही येतात. खोल्यांची मागणी वाढते, तसा पुरवठाही वाढतो. त्यामुळे रस्ता किंवा विमानतळ झाला म्हणून प्रत्येक घर भरलेले राहील, असा निष्कर्ष काढता येत नाही.

एक कोटीच्या घराचा ताळेबंद

उदाहरणादाखल एक कोटी रुपयांचे घर घेऊ. मुद्रांक शुल्क, नोंदणी, सामानसुमान आणि वातानुकूलन यंत्रे यांसाठी १२ लाख धरले, तर एकूण गुंतवणूक १ कोटी १२ लाख होते. सरासरी भाडे एका रात्रीला ६ हजार रुपये आणि वर्षातील ४० टक्के रात्री, म्हणजे १४६ रात्री, घर लागले असे मानू. एकूण जमा ८ लाख ७६ हजार रुपये होईल.

यातून आरक्षण संकेतस्थळ आणि व्यवस्थापन पाहणारी संस्था यांचा वाटा ३० टक्के धरला, तर ६ लाख १३ हजार उरतात. राखणदाराचा पगार, वीज, इंटरनेट, देखभाल शुल्क, घरपट्टी आणि विमा यांवर १ लाख ८० हजार, तर खाऱ्या हवेमुळे होणाऱ्या दुरुस्तीसाठी १ लाख बाजूला काढल्यास हाती ३ लाख ३३ हजार राहतात. गुंतवणुकीवरील हा परतावा प्राप्तिकराआधी जेमतेम ३ टक्के भरतो.

घर केवळ ९१ रात्री लागले, तर याच हिशेबाने सुमारे १ लाख रुपये, म्हणजे एक टक्क्याहून कमी परतावा मिळतो. ६० टक्के रात्री, म्हणजे २१९ रात्री लागले, तर ६ लाख ४० हजार उरतात आणि परतावा ५.७ टक्क्यांवर जातो. स्थिर खर्च फारसे बदलत नसल्याने सगळा खेळ घर किती रात्री लागते यावर असतो.

येथेच किनाऱ्याचे ऋतुमान आड येते. वर्षातील सर्व शनिवार-रविवार मिळून १०४ रात्री होतात. १४६चा आकडा गाठण्यासाठी एकही आठवडाअखेर रिकामी न जाता आणखी ४२ रात्री मिळवाव्या लागतात. प्रत्यक्षात जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. गेट वे ते मांडवा लाँच आणि किनाऱ्यावरील जलक्रीडा पावसाळ्यात बंद ठेवल्या जातात. दिवाळी, नाताळ आणि मे महिना हे खरे कमाईचे दिवस. पण मालकाच्या मुलानातवंडांनाही नेमकी तेव्हाच सुटी असते. त्या दिवसांत कुटुंब राहिले, तर वर्षातील सर्वांत महाग रात्री ताळेबंदातून वजा होतात. भाडे आणि स्वतःचा उपभोग हे दोन लाभ एकाच वेळी पूर्णपणे मिळत नाहीत, ही बाब विक्रीच्या माहितीपत्रकात सहसा आढळत नाही.

तुलनेसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना पाहता येईल. तिचा व्याजदर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के राहिला असून प्रत्येकी ३० लाखांची मर्यादा आहे. पती-पत्नी दोघेही पात्र असतील, तर ६० लाखांवर वर्षाला ४ लाख ९२ हजार रुपये व्याज मिळते. त्यावर कर लागतो हे खरे. परंतु राखणदार, गळती आणि रिकाम्या रात्री यांची चिंता नसते. निम्म्याच्या आसपासच्या रकमेत दीडपट उत्पन्न, असा हा फरक आहे.

कर्ज आणि कर

कर्ज काढून घर घेतल्यास गणित आणखी बिघडते. ७५ लाखांचे कर्ज ८ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ६२ हजार ७०० रुपये, म्हणजे वर्षाला साडेसात लाखांहून अधिक होतो. वरील मध्यम अंदाजातील ३ लाख ३३ हजार वजा केले, तरी महिन्याला ३५ हजार रुपये खिशातून भरावे लागतात. ‘भाड्यातून हप्ता फिटेल’ हे वाक्य या आकड्यांपुढे टिकत नाही.

करसवलतीचा आधारही पूर्वीइतका राहिलेला नाही. घरापासूनच्या उत्पन्नातील तोटा इतर उत्पन्नातून वजा करण्यावर २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून २ लाखांची मर्यादा आहे. नव्या करप्रणालीत तर असा तोटा पगार किंवा निवृत्तिवेतनातून वजा करताच येत नाही. निवासी घर भाड्याने देण्याचे उत्पन्न व्यवसायाच्या शीर्षाखाली न दाखवता घरापासूनचे उत्पन्न म्हणूनच दाखवावे, अशी दुरुस्ती २०२४ च्या अर्थसंकल्पात झाली. जेवणखाण आणि इतर सेवा दिल्यास हिशेब बदलू शकतो. त्यासाठी खरेदीपूर्वीच सनदी लेखापालाचा सल्ला घेणे इष्ट.

वस्तू व सेवा कर हा दुसरा घटक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७ हजार ५०० रुपयांपर्यंतच्या निवासावर ५ टक्के आणि त्यावरील दरावर १८ टक्के कर आहे. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या मालकाला सर्वसाधारणपणे नोंदणी करावी लागत नाही; मात्र आरक्षण संकेतस्थळामार्फत झाल्यास कर भरण्याची जबाबदारी त्या संकेतस्थळावर येते आणि पाहुण्याच्या बिलात तो दिसतोच.

अंतराची किंमत

अलिबागचा मालक मुंबईत राहत असेल, तर तक्रार आल्यावर तो त्याच दिवशी पोहोचू शकतो. जबलपूरहून अलिबाग हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. गोव्याचे रेल्वे अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर असून कोकण रेल्वेमार्गे जाणारी जबलपूर-कोइम्बतूर विशेष गाडी आठवड्यातून एकदाच धावते. पाण्याचा पंप बंद पडला, टाकी रिकामी झाली किंवा पाहुण्यांनी मोडतोड केली, तर दूरच्या मालकाला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. वर धरलेला ३० टक्क्यांचा वाटा हा या अंतराचाच मोबदला होय.

केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेची मूळ कल्पना मालकाचे कुटुंब त्याच घरात राहते अशी आहे. कोकणातील अनेक घरगुती निवासांचे अर्थकारण त्यामुळेच जमते : जमीन वडिलोपार्जित, स्वयंपाक घरचा, देखरेख घरच्यांची. जमिनीची किंमत मोजून, पगारी माणसे ठेवून तोच व्यवसाय परगावाहून करणाऱ्याला तो नफा मिळत नाही.

कायदा आणि समुद्र

समुद्राजवळच्या मालमत्तेला दोन स्वतंत्र जोखमी असतात. पहिली कायद्याची. १८ जानेवारी २०१९ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत, तर प्रति चौरस किलोमीटर २,१६१ पेक्षा अधिक लोकसंख्येच्या ग्रामीण भागात ५० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामनिषिद्ध असतो. ‘समुद्रापासून पावलांवर’ ही जाहिरात येथे भूषणापेक्षा इशारा ठरते. केरळमधील मरडू येथे किनारा नियमांचा भंग करून उभारलेल्या चार बहुमजली गृहसंकुलांचे जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार स्फोटकांनी पाडकाम झाले. त्या बांधकामांना स्थानिक संस्थेची परवानगी होती, तरी खरेदीदारांची घरे वाचली नाहीत. अलिबागजवळ किहीम येथे नीरव मोदीचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी अशाच रीतीने पाडण्यात आला.

मालकीची कागदपत्रे हाही नाजूक विषय आहे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणून भूखंड खरोखर बिनशेती झाला आहे का, हे आधी पाहावे लागते. कोकणातील सातबाऱ्यावर अनेक सामाईक हिस्सेदारांची नावे असतात आणि त्यांतील काही मुंबईत, तर काही परदेशात असतात. गोव्यात कूळ आणि मुंडकार यांचे हक्क, कोमुनिदादच्या जमिनी आणि मालमत्तेतील पती-पत्नीचा सामाईक वाटा तपासावा लागतो. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या किंवा आठपर्यंत घरांच्या प्रकल्पाला ‘रेरा’ नोंदणीतून सूट असल्याने छोट्या प्रकल्पातील ग्राहकाला ते संरक्षण मिळेलच असे नाही.

पर्यटक निवासांबाबतचे नियम पुढे आणखी कडक होऊ शकतात, हेही ध्यानात घ्यावे लागेल. स्थानिकांना घरे परवडेनाशी झाल्याने बार्सिलोना शहराने नोव्हेंबर २०२८ पर्यंत पर्यटकांसाठीच्या सदनिकांचे सर्व परवाने संपुष्टात आणण्याचा निर्णय जून २०२४ मध्ये जाहीर केला. गोव्यातही बाहेरच्यांच्या दुसऱ्या घरांविषयी असंतोष आहे.

दुसरी जोखीम निसर्गाची. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड परिसरात घरांची छपरे उडाली आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ आले. विमा काढतानाच घर पर्यटकांना भाड्याने दिले जाते, हे विमा कंपनीला लेखी कळवणे आवश्यक आहे. अन्यथा दाव्याच्या वेळी अडचण उद्भवू शकते.

उरतो तो भाववाढीचा प्रश्न

भाडे ३ टक्के असेल, तर व्यवहार किफायतशीर ठरवण्याचा सारा भार भाववाढीवर येतो. एक कोटीचे घर दरसाल ५ टक्क्यांनी वाढले, तर दहा वर्षांनी १ कोटी ६३ लाख होते. २३ जुलै २०२४ नंतर घेतलेल्या मालमत्तेच्या दीर्घकालीन नफ्यावर महागाईची वजावट न मिळता १२.५ टक्के कर लागतो. कर आणि दलाली वजा जाता सुमारे १ कोटी ५२ लाख उरतात. मूळ १ कोटी १२ लाखांवर ही वाढ दरसाल सुमारे ३.१ टक्के पडते. त्यात भाड्याचे ३ टक्के मिळवले, तरी बेरीज ६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मुदत ठेवीइतकीच येते. भाव दरसाल ८ टक्क्यांनी वाढले, तरच एकूण परतावा पावणेनऊ टक्क्यांपर्यंत जातो. शिवाय आजारपणात ठेव एका दिवसात मोडता येते. किनाऱ्यावरचे घर विकण्यास महिने लागतात, आणि घाईच्या विक्रीत भाव पडतो.

याचा अर्थ असे घर कोणीच घेऊ नये असा नाही. ज्यांचे मूळ गाव कोकणात आहे व घराकडे लक्ष देणारे आप्त तेथे आहेत, ज्यांच्यावर कर्ज नाही आणि ज्यांची वृद्धापकाळाची व आजारपणाची तरतूद स्वतंत्रपणे झालेली आहे, त्यांच्यासाठी ते आनंदाचे ठिकाण ठरू शकते. भाड्याने देखभालीचा खर्च निघाला तरी पुरे. ज्यांना केवळ पर्यटकांच्या भाड्याचे उत्पन्न हवे आहे, त्यांनी भेडाघाटसारख्या जवळच्या पर्यटनस्थळाचा किंवा नेपियर टाउनमधील आपल्याच घराचा रिकामा मजला भाड्याने देण्याचा हिशेब आधी मांडावा. तेथे देखरेख स्वतःची राहते आणि ३० टक्क्यांचा वाटा वाचतो.

निर्णयापूर्वी एक साधी कसोटी लावता येते. पुढील दहा वर्षांत भाव मुळीच वाढला नाही आणि वर्षाला नव्वदच रात्री घर लागले, तरी कुटुंबाचा दैनंदिन खर्च, औषधोपचार आणि मनःशांती अबाधित राहील का? उत्तर होकारार्थी असेल, तर घर जरूर घ्यावे. उत्तर नकारार्थी असेल, तर निवृत्तीची पुंजी समुद्रकाठी नेऊ नये. दर वर्षी दहा दिवस तेथे भाड्याने राहिल्यास वरील दराने ६० हजार रुपये खर्च येतो, आणि राखणदाराचा पगार, छपराची दुरुस्ती व रिकामा पावसाळा ही मूळ मालकाचीच चिंता राहते.