शेवटचा हात

शिवोलीहून चोपड्याचा पूल ओलांडून मोरजी-आश्वेकडे निघालेल्या सर्फबोर्डांपैकी काही चकचकीत असतात, काही मंद. आत फोम, वर काचतंतूंचे कापड आणि रेझीन. फरक शेवटच्या हाताचा. नुसता सँडपेपरने घासलेला बोर्ड हलका, पण घासताना कापड उघडे पडले तर बारीक छिद्रांतून पाणी फोमात शिरते. चकचकीत लेप ती छिद्रे बुजवतो, वजन मात्र वाढवतो. कोकणात लाकडी होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल पाणी अडवण्यासाठीच चोळत आले. तरी आपटण्याचा मार सोसते ते कापडच. शिकाऊ मुलांच्या बोर्डाला चौरस यार्डाला ४ औंसांऐवजी ६ औंसांचे कापड हवेच. तिथे वजन वाचवणे मला साफ नामंजूर आहे.