कुलूप तुमचं, किल्ली जगाची

"बॅगेला टीएसएचं कुलूप लाव, म्हणजे तोडणार नाहीत." अमेरिकेला निघालेल्याला हा सल्ला मिळतोच. अहो, तोडायचं कशाला? मास्टर किल्ल्या त्यांच्याकडेच असतात. २०१४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने त्यांचा फोटो छापला, २०१५ मध्ये त्या थ्री-डी प्रिंटरवर निघू लागल्या. आमच्याकडे पासवर्ड फुटला की रातोरात बदलतात (निदान बदलायला हवा!). इथे कुलुपं तशीच. वर कॅमेरा गेला की ऐका, "मौल्यवान वस्तू चेक-इनमध्ये ठेवलीतच का?" चोर सोडून संन्याशाला फाशी! १९९९ च्या माँट्रियल करारानुसार बॅग ताब्यात असताना सामान गेलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत जबाबदारी विमान कंपनीचीच. बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार मात्र द्या. काउंटरवरचा माणूस हे आपणहून सांगेल, या भ्रमात राहू नका.